आधी मनगट मोजा, मग काठी घ्या

पत्र: ताई, नमस्कार. मी अंबाजोगाईचा. कृषी सहायक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, यंदा जूनमध्ये निवृत्त झालो. मुलगा फौजेत आहे, सध्या पुण्याला असतो. दिवाळीला त्याच्याकडे गेलो तेव्हा एका सकाळी त्यानं मला गोल्फच्या मैदानावर नेलं. त्याच्या काठीनं मी तीसेक चेंडू मारले. बहुतेक घसरत गेले. पण एक असा उठला की हाताला काही लागल्यासारखंच वाटलं नाही, आणि तो वर गेला तो बराच वेळ खाली आला नाही. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. दर महिन्याला आठ दिवस मुलाकडे जायचं ठरवलंय, बाकी दिवस घरच्या रानात सराव करीन म्हणतो.

जावई हिंजवडीला असतात. त्यांनी ऑनलाइन १२ काठ्यांचा नवा सेट बघून ठेवलाय, ७२ हजारांचा. त्यावर ‘स्टिफ शाफ्ट’ आणि ‘ड्रायव्हर ९ अंश’ असं लिहिलंय. मुलाचे एक वरिष्ठ त्यांचा जुना सेट फुकट द्यायला तयार आहेत, स्टीलच्या दांड्यांचा, पाती एकदम पातळ. माझी उंची ५ फूट ३ इंच. कंबर अधूनमधून धरते. लिहितो-जेवतो उजव्या हातानं, पण विटीदांडू आणि कुऱ्हाड डावखुरी चालवतो. मैदानावर मुलाच्या काठ्या उजव्या होत्या म्हणून तसाच उभा राहिलो. यातलं काय घेऊ? आमच्या मंडळींचं म्हणणं, या वयात हे मोठ्या लोकांचं खूळ कशाला.

भाऊ, नमस्कार.

‘हाताला काही लागल्यासारखंच वाटलं नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. चेंडू पात्याच्या बरोबर मध्यावर बसला की असंच होतं. धक्का नाही, झिणझिण्या नाहीत, काठी जणू हवेतूनच गेली. तीस चेंडूंत एकदा तुम्हाला ते मिळालं. मला पहिल्यांदा मिळायला दोन महिने लागले होते. तेव्हा खेळायचं की नाही हा प्रश्न मी मिटला असंच धरते आणि साहित्याचं बोलते.

सेट घेऊ नका. जावयांचाही नको, साहेबांचाही नको, निदान सहा महिने तरी नको. तीन काठ्या घ्या: एक सात नंबरचं आयर्न (मधल्या पल्ल्याची, धातूच्या पात्याची काठी), एक पिचिंग वेज (जवळून चेंडू उंच उचलायची) आणि एक पटर (होलजवळ चेंडू जमिनीवरून ढकलायची). खेळणारी माणसं काठीला ‘क्लब’ म्हणतात, पण संस्थाही क्लब आणि काठीही क्लब असा घोळ होतो, म्हणून मी आपली काठीच म्हणते. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आली, कारण त्याआधी काही खेळाडू २५ हून जास्त काठ्या घेऊन फिरायला लागले होते. कमीत कमी किती हव्यात याचा मात्र नियमच नाही. तीन काठ्यांनी तुम्ही पूर्ण १८ होल, म्हणजे चेंडू घालायचे अठराही खड्डे, खेळू शकता आणि कोणी अडवणार नाही.

तुमची हयात शेतकऱ्यांच्या बांधावर गेली, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. नवीन शेती करणाऱ्या माणसाला तुम्ही कधी पहिल्याच हंगामात तिफण, वखर, कोळपं, नांगर असं सगळं एका दमात विकत घ्यायला सांगितलं नसेल. आधी जमीन बघ, बैल बघ, मग अवजार, असंच सांगितलं असेल. आणि खोऱ्याचा, टिकावाचा दांडा? तो तर सुतार माणूस बघूनच बसवायचा. सहा फुटी गड्याचा टिकाव पाच फुटी गड्यानं दिवसभर चालवला की संध्याकाळी कंबर बोलते, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे. गोल्फची काठी अगदी तशीच आहे. वरती रबराची मूठ म्हणजे ग्रिप, मधला दांडा म्हणजे शाफ्ट, खालचं पातं म्हणजे हेड. १९२९ पर्यंत ब्रिटनच्या नियमांत हा दांडा लाकडाचाच लागायचा, हिकरी नावाच्या झाडाचा. बाभळीच्या दांड्यासारखाच एकेक पारखून घ्यावा लागे. आज तो कारखान्यात होतो, पण माणसाच्या मापाला बसवायची गरज गेलेली नाही.

मी हे शिकले ते महागात शिकून. मी परभणीची, शाळेत क्रीडाशिक्षिका होते. यजमान फौजेत, त्यामुळे बदलीच्या एका गावी गोल्फचं मैदान दारातच मिळालं. मी त्यांच्याच काठ्या उचलल्या. त्यांची उंची पावणेसहा फूट, माझी पाच फूट एक. लांब दांडा अंगाला आडवा येऊ नये म्हणून मी नकळत मागे रेलून उभी राहायला लागले आणि जड स्टीलचा दांडा फिरवायला उजवं कोपर ओढायला लागले. पुढचे सहा महिने त्या कोपरानं मला साधी कणीक मळू दिली नाही. मग मी चिडून दुकानात गेले आणि ‘बायकांचा पूर्ण सेट’ म्हणून जो पुढे ठेवला तो घेऊन आले. अकरा काठ्या. त्यातल्या पाच काठ्यांचं प्लास्टिक मी तीन वर्षांत काढलं नाही. दुकानदारानं माझी उंची विचारली नाही, हात बघितले नाहीत, एक चेंडू मारून दाखवा म्हटलं नाही.

त्या मैदानाच्या मागे एक खोली होती, तिथं एक म्हातारे गृहस्थ काठ्यांची दुरुस्ती करत. त्यांनी एक दिवस मला हाक मारली, सरळ उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावला, माझा पंजा उघडून बघितला. मग एक टाकून दिलेलं हलक्या दांड्याचं सात नंबर आयर्न घेतलं, वरून जेमतेम पाऊण इंच कापलं, बारीक ग्रिप चढवली आणि म्हणाले, “आता महिनाभर एवढंच मारा.” त्या एका काठीनं मला गोल्फ शिकवलं. ती अजून माझ्याकडे आहे आणि आजही सरावाची सुरुवात मी तिनंच करते.

म्हणून पहिलं काम मापाचं. बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, आणि मंडळींना सांगा मनगटाच्या सुरकुतीपासून जमिनीपर्यंत टेप लावायला. दोन्ही हातांचं माप घ्या. नुसत्या उंचीवर जाऊ नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे हात लांब असतात, एकाचे आखूड, आणि काठी हातात धरायची असते. सात नंबर आयर्नची नेहमीची लांबी ३७ इंचांच्या आसपास असते. तुमच्या उंचीला कदाचित तीच चालेल, कदाचित पाव-अर्धा इंच कमी लागेल. कमी लागली तरी घरी आरी घेऊन बसू नका. दांडा वरून कापला की तो थोडा ताठर होतो आणि खालचं वजनही हाताला कमी जाणवतं. अर्ध्या इंचाला फारसं बिघडत नाही, पण दोन इंच कापलेली काठी वेगळीच काठी होते. त्यापेक्षा शिकताना मूठ थोडी खाली धरा.

ग्रिपचं माप तर घरच्या घरी कळतं. काठी डाव्या हातात धरा (डावखुरे खेळणार असाल तर उजव्या) आणि मूठ मिटा. मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं तळहाताला नुसती टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, फट राहत असेल तर जाड. खुरप्याची मूठ आपण अशीच बघतो. ग्रिप बदलणं हे या खेळातलं सगळ्यांत स्वस्त काम आहे, आणि नुसत्या बदललेल्या ग्रिपनं जुनी काठी नवी होते.

आता डाव्या-उजव्याचं. तुमच्या पत्रातला हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय. कुऱ्हाड डावखुरी चालते याचा अर्थ, दोन्ही हातांनी जोर लावून फिरवायचं काम तुमचं अंग डावीकडून ओळखतं. फिल मिकलसन हा अमेरिकन खेळाडू बाकी सगळं उजव्या हातानं करतो, पण गोल्फ डावखुरा खेळतो. लहानपणी वडिलांच्या समोर उभा राहून आरशात बघावं तसं त्यांचं बघून शिकला, म्हणून. २०२१ साली, वयाच्या पन्नाशीत, त्यानं पीजीए चॅम्पियनशिप ही गोल्फमधली मोठ्या मानाची स्पर्धा जिंकली. तेव्हा डावखुरं खेळण्यात कमीपणा काहीच नाही. अडचण दुसरीच आहे. डावखुऱ्या काठ्या दुकानात कमी, जुन्या बाजारात तर फारच कमी, आणि मुलाच्या किंवा साहेबांच्या काठ्या तुम्हाला कधीच उसन्या मिळणार नाहीत. म्हणून पुढच्या खेपेला पुण्यात सरावाच्या जागी एक डावखुरं सात नंबर भाड्यानं मिळतं का ते मुलाला आधी विचारून ठेवायला सांगा. दोन सकाळी उजवीकडून, दोन सकाळी डावीकडून, प्रत्येकी चाळीस चेंडू मारा. डावीकडून अंग सहज फिरलं, कंबर हलकी राहिली, तर सोय-गैरसोय न बघता डावखुरे व्हा. फरक उन्नीस-बीसच वाटला तर उजवे राहा. उजवीकडूनच तो एक चेंडू उठला होता, हेही विसरू नका. पण हे ठरल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

जावयांचा सेट मी का नको म्हणते? ‘स्टिफ शाफ्ट’ या एका शब्दासाठी. दांडा किती लवतो त्यावर त्याच्या जाती पाडलेल्या असतात आणि त्या इंग्रजी अक्षरांनी लिहितात. एल सगळ्यांत लवचीक, मग ए म्हणजे सीनियर, मग आर म्हणजे रेग्युलर, मग एस म्हणजे स्टिफ, आणि एक्स सगळ्यांत ताठर. काठी जोरानं फिरवणाऱ्या तरुणाला ताठर दांडा लागतो, नाहीतर पातं मागे रेंगाळतं. आपल्यासारख्यांचा वेग बेताचा असतो. आपल्या हातात ताठर दांडा म्हणजे लोखंडी सळई. चेंडू वर चढत नाही, उजवीकडे पडत राहतो, आणि धक्का थेट कोपर-खांद्याला येतो. तुम्ही आर किंवा ए बघा. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एससारखा लागू शकतो, कारण या अक्षरांचं सर्वांना बांधील असं प्रमाण कुणी ठरवलेलंच नाही. म्हणून अक्षर वाचून थांबू नका, काठी हातात धरून फिरवून बघा. बीटी बियाण्याच्या पाकिटावरचं चित्र आणि रानातलं पीक यांत फरक असतो, तसंच हे.

दांडा ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनच्या तंतूंचा घ्या. आयर्नचा स्टीलचा दांडा साधारण ९५ ते १३० ग्रॅमचा असतो, ग्राफाइटचा ५० ते ८० ग्रॅमचा. ऐकायला फरक मूठभर दाण्यांचा, पण सकाळभरात शंभर वेळा फिरवल्यावर तोच कमरेला कळतो. शिवाय ग्राफाइट झिणझिण्या गिळतो. त्याला दोन पैसे जास्त पडतात, ते द्या. बाकी सगळीकडे काटकसर करा, इथं करू नका.

आता पातं. प्रत्येक पात्याला एक तिरकेपणा असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायची काठी, ९ ते १२ अंशांचा, सात नंबर आयर्न साधारण ३० ते ३४ अंशांचं, पिचिंग वेज ४४ ते ४६, वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढायचं सँड वेज ५४ ते ५६. पातं जेवढं तिरकं, तेवढा चेंडू वर चढतो आणि तेवढीच आपली चूक झाकली जाते. पातं सरळ उभं असलं की मारताना झालेला जरासा वाकडेपणा चेंडूला बाजूचा फिरका देतो आणि चेंडू शेजारच्या रानात जातो. म्हणून ९ अंशांचा ड्रायव्हर नवशिक्याला देऊच नये. पुढं कधी घ्यालच, तेव्हा साडेदहापासून बाराच्या आसपासचा घ्या. नंबरावर मात्र भिस्त ठेवू नका. लांब जातं असं दाखवण्यासाठी कंपन्यांनी गेल्या काही दशकांत आयर्नचे अंश कमी करत आणलेत. आजच्या काही सात नंबरांचा लॉफ्ट २८-२९ अंश असतो आणि जुन्या सात नंबरांचा ३५. दुकानात नंबर नाही, अंश विचारा. तुम्हाला ३२-३३ च्या आसपासचं पातं सोयीचं पडेल.

आणि पात्याची पाठ बघा. साहेबांच्या सेटची पाती पातळ आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ती बहुधा ब्लेड जातीची असावीत. पाठ सपाट, सगळं वजन मध्याभोवती. मध्यावर बसला तर अमृत, अर्धा इंच बाजूला बसला तर पातं हातात पिळतं आणि चेंडू मरतो. दुसरी जात कॅव्हिटी बॅक, म्हणजे पाठ आतून खोलगट. तिथलं काढलेलं वजन कडेला, खाली, टाच आणि टोकाकडे वाटलेलं असतं. रुंद बुडाचा रांजण सहजी कलंडत नाही, तसं हे पातं चेंडू बाजूला लागला तरी कमी पिळतं. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनिअरनं घराच्या गॅरेजमध्ये पटर बनवताना हा विचार धरला, त्यातून ‘पिंग’ ही कंपनी झाली आणि पुढे सगळ्या जगानं तो उचलला. नवशिक्याला कॅव्हिटी बॅकच हवं, आणि तेही बुडाशी रुंद असलेलं. पातळ बूड जमिनीत रुततं. पुण्याच्या मैदानावर एक वेळ चालून जाईल, अंबाजोगाईच्या मुरमाड रानात नाही.

साहेबांना नकार देताना संकोच वाटेल, म्हणून एक मार्ग सांगते. त्यांच्या सेटमधला पटर मागा. पटरला लवचीकपणा, वेग यांचं काही नसतं, जुना-नवा चालतो. साहेब खरंच देत असतील आणि तुम्ही उजवेच राहणार असाल, तर वाकून उभे राहिल्यावर डोळे चेंडूच्या बरोबर वर येतात का आणि कोपरं सैल लोंबतात का, एवढं बघा. पटर साधारण ३३ ते ३५ इंचांचा असतो, तुम्हाला ३३ जवळचा लागेल. पटरला मी इतकं महत्त्व का देते तर ऐका. ७२ फटक्यांच्या मैदानात हिशेब असा धरलेला असतो की प्रत्येक होलला त्याच्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर दोन फटके, म्हणजे १८ होलना ३६. अर्धा खेळ या एका काठीचा, आणि तिच्यासाठी ना ताकद लागते ना कंबर. आपल्या वयाला तरुणांशी बरोबरी करायची हीच जागा आहे.

तीन काठ्या सुट्या मिळतात. डेकॅथलॉन दुकानांत त्यांच्या इनेसिस नावाच्या सुट्या काठ्या असतात. जुन्या बाजारातही आयर्न एकेकटं मिळून जातं, आणि आयर्न आठ-दहा वर्षं जुनं असलं म्हणून काही बिघडत नाही. जुनं घेताना दांडा टेबलावर लोळवून बघा. उड्या मारत लोळला तर वाकलेला आहे. पातं कानाशी धरून हलवा, आत खुळखुळ वाजता कामा नये. पात्याच्या मानेशी दांडा पिळून बघा, सैल लागला तर सोडून द्या. ग्राफाइटच्या दांड्यावरून नख फिरवा. आडवी चीर लागली तर फुकटही घेऊ नका, मारताना तो मोडून लागतो. नामांकित कंपनीचं नवं कोरं साहित्य निम्म्याहून कमी किमतीत कुणी देत असेल तर ते नकली असण्याचीच शक्यता धरा.

जावयांना सांगा, ७२ हजारांतले काही हजार शिकवणीला द्या. चांगल्या शिक्षकाकडचे पहिले पाच तास कोणत्याही काठीपेक्षा जास्त कामाचे. उभं राहायचं कसं, धरायचं कसं, हे एकदा अंगात चुकीचं बसलं की काढायला वर्ष जातं. दोन-तीन महिन्यांनी सात नंबरचे दहापैकी सहा चेंडू हवेतून जायला लागले की चौथी काठी हायब्रीड घ्या, म्हणजे लांब आयर्नच्या कामाची पण जाड, फुगीर पात्याची. तीन-चार नंबरची लांब आयर्न आपल्या वेगाला उचलत नाहीत, त्यांची जागा आता हायब्रीडनंच घेतली आहे. मग सँड वेज. ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी. दुकानात ड्रायव्हर सगळ्यांत पुढे मांडलेला असतो, हे मला माहीत आहे.

आता रानातल्या सरावाचं. ही कल्पना मला फार आवडली, पण थोडं जपून. काळ्या रानात ढेकूळ आणि खडा एकच दिसतो. आयर्न खड्यावर बसलं की पात्याला खड्डा आणि मनगटाला मार. काथ्याचं जाड पायपुसणं घ्या, खाली तरट दुमडून घाला, आणि चेंडू त्यावरूनच मारा. खरा चेंडू ४६ ग्रॅमला जेमतेम कमी आणि दगडासारखा टणक. बांधावरून येणाऱ्या माणसाचा डोळा जाऊ शकतो, म्हशीला लागला तर ती दावं तोडेल. रानात सरावाचे भोकांचे प्लास्टिकचे चेंडूच वापरा, ते पन्नास पावलांच्या आतच पडतात. जाळी लावायची झाली तर क्रिकेटची लावू नका. गोल्फचा चेंडू व्यासानं जेमतेम ४३ मिलिमीटर, तो त्या घरांतून निसटतो. गोल्फची बारीक घराची जाळी वेगळी मिळते. सोयाबीन निघाल्यापासून ज्वारी पेरेपर्यंत रान मोकळं असतं तेव्हा वापरा, नंतर अंगण आहेच.

अंगणात किंवा घरात रोज रात्री वीस मिनिटं पटर. सतरंजी ताणून अंथरा. खऱ्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. तुम्ही पाण्याचं फुलपात्र आडवं ठेवा, त्याचं तोंड त्याहून लहान असतं. फुलपात्रात चेंडू जायला लागला की मैदानावरचं होल परातीएवढं दिसतं.

उन्हाळ्यात काठ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. पातं दांड्याला एपॉक्सी नावाच्या डिंकानं चिकटवलेलं असतं. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडी जी तापते, त्यानं तो जोड हळूहळू ढिला होतो आणि ग्रिपचं रबर कडक पडतं. घरात, कोपऱ्यात, उभ्या ठेवा.

कमरेचं मी हलक्यात घेत नाही. गोल्फमध्ये कंबर पिळते, आणि अधूनमधून धरणारी कंबर पिळली की बसते. सुरू करण्याआधी एकदा हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा, नेमकं ‘अंग पिळून फटका मारायचाय’ असं सांगून दाखवा. सरावाला उभं राहण्याआधी दहा मिनिटं चाला. एका बैठकीत चाळीसच्या वर चेंडू नकोत. चेंडू उचलायला प्रत्येक वेळी वाकू नका, गुडघ्यात बसा. तीन काठ्यांची पिशवी खांद्याला जाणवतही नाही, हा माझ्या सल्ल्याचा आणखी एक फायदा.

मंडळींशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं आलंय कुठून ते मला कळतं. हा खेळ आपल्याकडे कुंपणाच्या आतच दिसत आला आणि आपण बाहेरून बघत आलो. पण त्यांना शिव शंकर प्रसाद चौरसियाचं सांगा. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना. चौरसियाचे वडील तिथं मैदानाची हिरवळ राखायच्या कामावर होते. पोरगा तिथंच वाढला, तिथंच बघून बघून शिकला, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंडियन ओपन जिंकली. लांब मारण्यासाठी त्याचं नाव नाही. हिरवळीजवळचे छोटे फटके म्हणजे ‘चिप’, आणि पटरचे फटके म्हणजे ‘पट’, यांवरून बरोबरच्यांनी त्याला ‘चिपुट्सिया’ म्हणायला सुरुवात केली. आणि आपली अदिती अशोक. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या पोरी होत्या. ती पटरच्या जिवावर शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या रांगेत राहिली आणि एका फटक्यानं हुकून चौथी आली. पिशवी घेऊन बरोबर चालत होती तिची आई. पुढच्या खेपेला मंडळींनाही पुण्याला घेऊन जा. रात्री फुलपात्राच्या खेळात त्या तुम्हाला हरवतील अशी माझी पक्की खात्री आहे.

मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप आणि डावं-उजवं काय ठरलं ते मला लिहा, म्हणजे लांबी आणि ग्रिप नेमकी सांगता येईल. माप घेताना पायात कोणते बूट होते, तेही लिहा.

तुमची ताई